स्लोव्हेनियातील मधमाश्यांच्या दारी

आल्प्स पर्वताच्या कुशीत वसलेल्या स्लोव्हेनिया देशात आम्ही गेलो, ते केवळ तेथील शिखरे व सरोवरे पाहण्यासाठी नव्हे. खानापूरच्या रानालगत आमच्या परसात सातेरी मधमाश्यांच्या तीन पेट्या होत्या. मागील पावसाळ्यात रानात फुलोरा उरला नाही, म्हणून एका दुपारी उघडीप पाहून आम्ही त्यांतील दुबळ्या पेटीस साखरेचा पाक दिला. थोडा पाक बाहेर सांडला. पाहता पाहता शेजारच्या पेट्यांतील माश्या त्या पेटीवर तुटून पडल्या. सायंकाळी पोळे रिकामे झाले होते. तळाशी मेणाचा भुगा व मेलेल्या माश्यांचा थर तेवढा होता. उरलेल्या माश्या दुसऱ्या दिवशी घर सोडून गेल्या. चूक सर्वस्वी आमची होती, व तिची रुखरुख मनात घेऊनच आम्ही ऑगस्टअखेर रादोव्हलित्सा या लहानशा नगरात पोहोचलो.

येथील जुन्या वाड्यात १९५९ साली स्थापन झालेले मधुमक्षिकापालनाचे संग्रहालय आहे. पूर्वी या मुलुखातील शेतकरी पेट्यांच्या दर्शनी फळ्या चित्रांनी सजवीत. ज्ञात असलेल्या फळ्यांपैकी सर्वांत जुनी १७५८ सालची असून तीवर देवमातेचे चित्र आहे. कोठे संत फ्लोरियन आग विझवीत आहेत, कोठे रानातील पशू शिकाऱ्याची प्रेतयात्रा काढीत आहेत! माशीला चित्राचा अर्थ कळत नाही, परंतु रंग कळतो. ओळीने मांडलेल्या पेट्यांतून आपले दार तिला त्यामुळे सापडते.

तेथून जवळच ब्रेझनित्सा हे अंतोन यान्शा यांचे गाव. शेतकऱ्याच्या घरी १७३४ साली जन्मलेल्या या गृहस्थांस सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने १७७० साली व्हिएन्ना येथे मधुमक्षिकापालनाचे शिक्षक नेमले. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली २० मे हा जागतिक मधमाशी दिन ठरविला, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

गावाबाहेर एका वृद्ध मधपाळांनी आम्हांस आपले मधघर दाखविले. लाकडी खोलीच्या एका भिंतीत पेट्या कपाटाच्या खणांप्रमाणे रचलेल्या; दारे बाहेर, अंगणाकडे, आणि झडपा आत. मधपाळ खोलीत उभा राहून मागून पेटी उघडतो, त्यामुळे बाहेरच्या माश्यांस उघड्या पोळ्याचा वास सहसा लागत नाही. आमची हकीकत ऐकून त्यांनी पुतणीमार्फत एकच प्रश्न केला: दार किती रुंद ठेवले होते? आम्हांस ते आठवेना. तेवढ्या उत्तराने त्यांस सारे कळले.

फुलोरा ओसरला की लुटीचा काळ येतो, असे त्यांनी सांगितले. दाराशी राखण करणाऱ्या माश्या वासावरून आपपर ओळखतात. पण दार रुंद व राखणदार थोडे, तर त्यांचे काय चालणार? म्हणून ते दार एकदोन माश्यांपुरते अरुंद करतात, फटी बुजवितात, पाक संध्याकाळी व पेटीच्या आतच देतात, आणि एक थेंबही बाहेर सांडू देत नाहीत. फार दुबळी मोहोळे ते थंडीपूर्वीच एकत्र करतात. दोन दुबळ्या घरांपेक्षा एक बळकट घर हिवाळा सुखाने काढते.

हिवाळ्यात माश्या झोपत नाहीत. राणीभोवती दाट गोळा करून, पंखांचे स्नायू थरथरवून त्या ऊब निर्माण करतात; बाहेरच्या माश्या आत सरतात, आतल्या बाहेर येतात. या उबेचे सरपण म्हणजे साठविलेला मध. एका मोहोळास सुमारे १५ किलो लागतो, म्हणून मधपाळ तेवढा राखूनच आपला वाटा घेतात. मध काढल्यावर ते माश्यांच्या अंगावरील परोपजीवी गोचिडांवर उपचार करतात, आणि उंदीर शिरू नयेत म्हणून दारास जाळी लावतात. मग वसंतापर्यंत पेटीला उगाच हात लावीत नाहीत.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. मधमाश्यांचा उपासमारीचा काळ म्हणजे आपला पावसाळा. ऋतू निराळा, परंतु नियम तोच. परत आल्यावर आम्ही उरलेल्या दोन्ही पेट्यांची दारे लाकडाच्या पट्टीने अरुंद केली. या वर्षी मध कमी काढला. बरण्या थोड्याच भरल्या. जूनच्या पहिल्या सरी आल्या तेव्हा दोन्ही पेट्या उचलून पाहिल्या, त्या जड लागल्या. त्या रात्री पाऊस कोसळत असता आम्हांस निर्धास्त झोप लागली.