पसारा

माझ्या टेबलावर पसारा असतो, हे मी पुष्कळ वर्षे थोड्याशा अभिमानानेच सांगत आलो. स्वच्छ टेबल हे मला कारकुनाचे लक्षण वाटे. ज्याच्या डोक्यात विचारांची गर्दी, त्याच्या टेबलावर कागदांची गर्दी असायचीच, असा माझा सिद्धांत होता; आणि दर दिवाळीच्या साफसफाईत तो मी सौभाग्यवतीला नव्याने समजावून देत असे. ती शांतपणे ऐकून घेई आणि म्हणे, "डोक्यातलं मला काही दिसत नाही. टेबलाखालची झुरळं तेवढी दिसतात."

मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे या सिद्धांताला समाजाचाही पाठिंबा होता. विसराळू प्राध्यापक लोकांना आवडतो. मी छत्र्या विसरलो, चष्मे विसरलो. एकदा भुसावळहून फैजपूरला घरी यायचे म्हणून निघालो आणि पुस्तक वाचत वाचत यावलला जाऊन उतरलो. विद्यार्थ्यांनी याच्या गोष्टी केल्या, त्या फिरत फिरत माझ्यापर्यंत आल्या, आणि खरे सांगायचे तर मला त्या गोड वाटल्या. अशा गोष्टींत एक गोष्ट मात्र कधीच नसते: विसराळू प्राध्यापकाने ज्याचा कागद हरवला, त्या माणसाचे पुढे काय झाले, ती!

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली हकीकत. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती. त्या दिवशीचे व्याख्यान आमच्या कॉलेजात दरवर्षी माझ्याकडेच असते आणि माझा विषयही ठरलेला असतो. फैजपुरात राहून गुरुजींवर बोलायचे, तर १९३६ चे काँग्रेस अधिवेशन टाळता येत नाही. काँग्रेसचे खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गावाला रेल्वेचे स्टेशन नाही. आजही गाडीने येणाऱ्याला सावदा नाही तर भुसावळ गाठावे लागते. अशा जागी 'टिळकनगर' उभे राहिले. सरकारी नोकरीवर पाणी सोडून चळवळीत पडलेले खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी राबत होते. गुरुजी खानदेशची खेडीपाडी पालथी घालत होते. आणि अधिवेशन भरले तेव्हा याच गुरुजींनी मैला वाहण्याचे काम केले. हा माणूस एम. ए. झालेला. 'श्यामची आई' आदल्याच वर्षी, १९३५ साली, प्रसिद्ध झालेली. या एका प्रसंगावर मी दरवर्षी श्रोत्यांचे डोळे ओले करीत असे.

त्या प्रसंगाची माझी एक चिठ्ठी होती. पंधरा वर्षांपूर्वी केलेली, पिवळी पडलेली, पण वाक्ये मोठी बांधेसूद उतरलेली. व्याख्यानाच्या दोन दिवस आधी ती सापडेना. टेबल उपसले, कपाट उपसले. कपाटाच्या तळाशी माझ्या अपुऱ्या प्रबंधाची फाईल आहे (अकरा वर्षे तिची तीन प्रकरणे व्हायची आहेत!), ती बाहेर ओढली, तेव्हा तिच्या पोटातून एक उत्तरपत्रिका खाली पडली.

दुसऱ्या वर्षाच्या अंतर्गत परीक्षेची. वीसपैकी सतरा गुण. माझ्याच लाल शाईत. नाव वाचले आणि अंगावर सर्रकन काटा आला.

हा मुलगा दिवाळीच्या सुटीआधी माझ्याकडे आला होता. गुणपत्रकात त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असे लागले होते. "सर, मी पेपर दिला होता," एवढेच तो म्हणाला. मी त्या वेळी दुसऱ्या कसल्याशा विचारात होतो. "अरे, दिला असतास तर गठ्ठ्यात सापडला नसता का?" असे मी म्हणालो. म्हणालो म्हणजे, हसून म्हणालो. तोही थोडासा हसला आणि गेला. सुटीनंतर तो वर्गात दिसला नाही, हेही माझ्या लक्षात आले नव्हते. अडतीस मुलांतला एक नाही, एवढी बारीक गोष्ट माझ्यासारख्या विचारवंताच्या ध्यानात कशी यावी?

दुसऱ्या दिवशी त्याच्या सोबत्यांना विचारले. "तो केळीच्या गाड्यांवर जातो, सर." विषय गेला तर वर्ष गेले, मग फी भरून काय करायचे, असा त्याच्या घरच्यांनी हिशेब केला होता. हिशेबात चूक नव्हती. चूक त्यांना पुरवलेल्या आकड्यात होती.

प्राचार्यांना अर्ज लिहून सगळा दोष माझा असल्याचे कबूल केले. तो अर्धा पानी अर्ज लिहायला मला प्रबंधाच्या कुठल्याही प्रकरणापेक्षा अधिक कष्ट पडले. गुण दुरुस्त करण्याची मुदत सुदैवाने उरली होती. मग स्कूटर काढली आणि विचारत विचारत शेत गाठले.

फैजपूरच्या आसपास केळी पाहायला मुद्दाम जावे लागत नाही. दाराबाहेर पडले की केळीच केळी. पण कटाई मी कधी उभा राहून पाहिली नव्हती. मला पाहून मुलगा जवळ आला, नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, गाडी भरू द्या, मग बोलू." मुकादम म्हणाला, "बसा ना सर बांधावर. उन्हात कशाला?" बसलो. विद्यार्थ्याने मला ताटकळत ठेवल्याचा हा पहिलाच प्रसंग.

तास-सव्वा तास मी ते काम पाहत होतो. एकजण घड तोडणार, दुसरा तो खांद्यावर झेलणार. झेलणाराने हात पुढे केल्यावाचून कापणाराचा विळा दांड्याला लागत नव्हता. घड जमिनीवर आपटायचा नाही, घासायचा नाही. आज हिरव्या सालीवर न दिसणारा मार उद्या पिकताना काळा डाग होऊन दिसतो. वाहणारे एका सरीने जात आणि दुसऱ्या सरीने परत येत, त्यामुळे कुणी कुणाच्या आडवे येत नव्हते. गाडीत वाळलेल्या पानांचा थर, त्यावर घड, पुन्हा पाने. माझा विद्यार्थी काट्याजवळ उभा राहून वजने लिहीत होता. मुकादम फारसे बोलत नव्हता. मध्येच एका म्हाताऱ्या गड्याचा पाय जड पडतोसा दिसला, तेव्हा एका शब्दाने त्याने त्याला पाने पसरायच्या कामावर घेतले आणि त्याच्या जागी तरणा माणूस घातला. काम क्षणभरही थांबले नाही. म्हाताऱ्यालाही काही लागले नाही. मुकादमाला सहीपलीकडे लिहिता येत नाही, हे मला मागाहून कळले.

बुद्धी म्हणजे काय, यावर मी वर्गात बोललेलो आहे. ती कवीच्या कल्पनेत असते, टीकाकाराच्या तर्कात असते. माणसे, वेळ आणि वस्तू जागच्या जागी लावण्यात ती खर्च होत असेल, हे मला सुचलेच नव्हते. वास्तविक फैजपुरात राहणाराला ते सुचायला हवे होते. टिळकनगर सजवायला शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले, आणि एवढ्या मोठ्या चित्रकाराने आपली प्रतिभा खेड्यात मिळणाऱ्या बांबूंत घातली. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या वेळी गांधीजींनी तिथल्या मांडणीचे श्रेय जाहीरपणे दिले ते वास्तुविशारद म्हात्रे यांना आणि नंदलालांना. आणि गुरुजींचा तो प्रसंग! मी दरवर्षी त्याचा उल्लेख नम्रतेचा नमुना म्हणून करीत असे. पण हजारो माणसे जिथे उतरली आहेत तिथे नुसती नम्रता काय करील? नम्रतेलासुद्धा टोपली पहाटे वेळेवर लागते. खड्डे आधी खणलेले लागतात. कुणी कोणत्या रांगेला जायचे, हे रात्रीच ठरलेले लागते. एके दिवशी हे चुकले, तर ते निस्तरायला भावनेचा काही उपयोग नाही. मी श्रोत्यांना गुरुजींचे अश्रू दाखवीत होतो. टोपली कधी दाखवलीच नाही.

बहिणाबाईंची गाणी शिकवतानाही माझे हेच झाले असले पाहिजे. आसोद्याच्या या निरक्षर बाईच्या प्रतिभेवर मी तासन्‌तास बोलतो. पण जात्यावर, शेतात सुचलेली ती गाणी सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी वेळोवेळी उतरून घेतली, ते कागद जपले, म्हणूनच बहिणाबाई १९५१ साली गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. ती वही माझ्या टेबलावर असती, तर मराठी कवितेचे काय झाले असते, या कल्पनेने बांधावर बसल्या बसल्या मला घाम फुटला.

गाडी भरली. मुलगा हात पुसत आला. मी उत्तरपत्रिका त्याच्यापुढे धरली आणि म्हणालो, "चूक माझी होती." त्याने गुण पाहिले, मग स्वतःचे एक उत्तर थोडे वाचले. "दुसरा प्रश्न मला बरा आला होता," तो म्हणाला. रागावला असता तर बरे झाले असते. परत येतोस ना, असे विचारले, तेव्हा म्हणाला, "घरी विचारतो, सर. कबूल केलेल्या सात गाड्या राहिल्यात, त्या भरून देतो आधी."

व्याख्यान त्या वर्षी फारसे रंगले नाही. चिठ्ठी सापडली नव्हतीच. मी खड्डे, टोपल्या आणि बांबू यांच्याविषयी बोललो. कुणाचे डोळे ओले झाले नाहीत. मागच्या बाकावर दोघे चक्क झोपले होते.

मुलगा जानेवारीत परत आला. मी एक साधी वही घातली आहे. अडतीस नावे, कागद आल्याची तारीख, दिल्याची तारीख. सोमवारी देतो म्हटलेला गठ्ठा सोमवारी देतो. गंमत अशी की ही कारकुनी सुरू केल्यापासून मी उत्तरे अधिक नीट वाचू लागलो आहे. कुणाचे अक्षर मध्येच का बिघडले, कोण दरवेळी चौथा प्रश्न सोडतो, हे दिसू लागले आहे. पूर्वी तास रंगून टाळ्या पडल्या, की घरी येईपर्यंत त्यांची चव उडून जाई. सोमवारी गठ्ठा वाटून रिकाम्या हाताने स्टाफरूममध्ये येतो, तेव्हा मात्र पोटभर जेवल्यासारखे वाटते. प्रबंधाची तीन प्रकरणे अजून तशीच आहेत. टेबलाचा एकच कोपरा साफ आहे, आणि उरलेल्या टेबलाबद्दल घरात मतभेद आहेत.

पुढच्या सत्रात निबंध द्यायला तो मुलगा आला. निबंध टेबलाच्या त्या साफ कोपऱ्यात ठेवला; पण जागचा हलेना. "काय रे?" मी विचारले.

"सर," तो अगदी सरळपणे म्हणाला, "पावती मिळेल का?"

स्टाफरूममधले दोघे-तिघे हसले. मी कागद घेतला, तारीख घातली, वेळ घातली आणि सही करून दिली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली. त्याच्यामागे आणखी चौघे उभे होते. त्यांनाही द्यावी लागली.