एक मिनिट हं...

आई गेली त्याला परवा वर्ष झालं. त्या निमित्ताने अमेरिकेतल्या भाचीचा निरोप आला, "आत्या, आजीच्या शेवटच्या दिवसाबद्दल मला लिहून पाठव ना." ती तिकडेच वाढलेली. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. म्हणून इंग्रजीत लिहायला बसले.

सगळं नीट चाललं होतं आणि एका वाक्यापाशी गाडी अडली. त्या संध्याकाळी आईने आतून पाणी मागितलं. मी फोनवर होते. "एक मिनिट हं," म्हटलं. पाणी घेऊन गेले तेव्हा ती गेली होती.

आधी लिहिलं, मी 'फॉर अ मोमेंट' बाहेरच्या खोलीत होते. शब्द कसा छान, हळवा. मध्ययुगात युरोपात ह्या मोमेंटला चक्क माप होतं, तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे दीड मिनिट. आता ते कुणी धरत नाही, म्हणूनच तो इतका सोयीचा. खोडला.

मग लिहिलं, आजी 'इन अॅन इन्स्टंट' गेली. मोमेंटमध्ये जरा तरी रेंगाळता येतं. इन्स्टंट म्हणजे नुसता टिंब, त्याला लांबीच नाही. पण ती अशी गेली की वाट बघत गेली, हे मला काय माहीत? मी कुठे होते तिथे? तोही खोडला.

राहिले मिनिट आणि सेकंद. मूळ लॅटिनमध्ये ह्यांचा अर्थ पहिला बारीक तुकडा आणि दुसरा बारीक तुकडा. हे मोजता येतात, म्हणजे प्रामाणिक. पण आपण "एक मिनिट" म्हणतो तेव्हा त्यात साठ सेकंद कधी असतात का?

आई स्वतः 'घटकाभर' म्हणायची. "घटकाभर टेक गं." घटका म्हणजे 24 मिनिटं, आणि तिचा साठावा भाग ते पळ, 24 सेकंद. पूर्वी लग्नात घंगाळातल्या पाण्यावर बुडाशी बारीक भोक असलेलं घटिकापात्र ठेवायचे. हळूहळू भरत जाऊन ते बुडालं की एक घटका झाली. 'घटका भरली' म्हणतात ते उगीच नाही.

फोनमधली नोंद मी त्याच रात्री पाहिली होती. कॉल चौदा मिनिटांचा, आणि पाणी तिने सुरुवातीलाच मागितलं होतं.

शेवटी तेवढंच लिहिलं. 'फोर्टीन मिनिट्स.' पाठवून दिलं.

दोन दिवस उत्तर नाही. मग तिचाच फोन. म्हणाली, "आत्या, आजी पण फोनवर मला 'एक मिनिट हं, दूध बघून आले' म्हणायची आणि अर्ध्या तासाने यायची. मी थांबायचे."

खरंच, तसंच करायची ती.