बोटे आणि गाठी

गेल्या महिन्यात लिंबायतच्या आमच्या बिऱ्हाडी एक जुना विद्यार्थी आला. नमस्कार करून तो बराच वेळ आपली बोटे न्याहाळीत बसला.

"गुरुजी, गाठी मारायचं काम आता यंत्र करतं," तो अखेर म्हणाला.

तो नववीत असता त्याचे वडील शाळेतून नाव काढावयास आले होते. तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने खानदेशातून उधन्यास उतरलेली कितीतरी कुटुंबे सुरतेच्या यंत्रमागांवर उभी राहिली. "हाताला काम आहे, मुलगा उपाशी राहणार नाही," असे म्हणून आम्हीच दाखल्यावर सही केली होती.

मागावरील बीम संपला, की नव्या बीमचे हजारो धागे जुन्या ताण्याच्या धाग्यांना एकेक करून जोडावे लागतात. हे काम तो हाताने करी. आता एक लहानसे यंत्र ताण्यावरून सरकत जाते आणि मिनिटाला शेकडो गाठी मारते. वॉटरजेट मागावर तर धोटाही उरला नाही. पाण्याची बारीक धारच बाणा ओढून नेते.

'रोबो' हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 च्या नाटकाने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. 1961 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' हा यंत्रबाहू कामास लागला, तो साच्यातून निघालेले तप्त भाग उचलण्यासाठी. माणसाचे हात भाजावयाचे वाचले, याची खंत कोण करील? परंतु वेठ सुटली आणि तिच्याबरोबर भाकरीही गेली, तर त्या सुटकेला काय म्हणावे?

"शेठ म्हणतात, यंत्र चालवायला शीक. पण ही पुस्तिका इंग्रजीत आहे," असे म्हणून त्याने ती आमच्यापुढे ठेवली.

पुस्तिका पाहून आम्हांस आमची ती सही आठवली. त्याच्या हाताला काम आहे एवढेच आम्ही पाहिले होते. ते काम किती दिवस टिकेल, हे पाहिले नव्हते.

आता तो रोज रात्री आठ वाजता येतो. आम्हांस यंत्र कळत नाही, त्यास इंग्रजी कळत नाही. शब्दकोश उघडून आम्ही 'ताण' असा अर्थ सांगितला, तेव्हा तो हसला. तो किती असला म्हणजे धागा तुटतो, हे त्याने दोन बोटांत दोरा धरून आम्हांस दाखविले. त्या घटकेला शिक्षक कोण, हे सांगणे कठीण होते.

परवा आणखी एक पालक मुलाचे नाव काढावयास आले. दाखल्याचे पुस्तक आम्ही तूर्त कपाटातच ठेवले. "आज रात्री आठ वाजता मुलाला घेऊन आमच्या घरी या," असे त्यांना सांगितले.

ते आले. पुस्तिकेवर वाकलेल्या आमच्या विद्यार्थ्याकडे बापलेक कितीतरी वेळ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात हजर होता.