हळदीच्या पेठेतील शरद

सांगलीच्या गणपती पेठेत शरद ऋतू आधी वासाने कळतो. श्रावण-भाद्रपदात पोती, फळ्या, वह्या आणि जुन्या भिंती यांना जो दमट वास धरून राहिलेला असतो, तो आश्विनातील कोरड्या उन्हात विरत जातो आणि हळद, मिरची, धणे, गूळ हे जिन्नस आपापल्या वासाने पुन्हा ओळखू येऊ लागतात. कृष्णेचे पाणी घाटाच्या पायऱ्या सोडून खाली उतरलेले असते. घरोघरी गाद्या गच्चीवर जातात, माळ्यावरचे डबे खाली येतात आणि गृहिणी धान्य निवडण्यासाठी सूप घेऊन दारातल्या उन्हात बसतात.

या पेठेतील जैन घरे दोन वाटांनी आलेली आहेत. काही दिगंबर घरे याच मातीतली, शेतीतून व्यापारात उतरलेली, मराठी आणि क्वचित कानडी बोलणारी. काही श्वेतांबर घरे गुजरात, कच्छ, मारवाड येथून व्यापारासाठी आलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहून येथलीच झालेली. दोघांच्या पर्वतिथी नेहमी एकत्र येत नाहीत, पूजेच्या रीतीही भिन्न आहेत. परंतु क्षमापनेचे दिवस संपल्यानंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा जो काळ असतो, त्यात दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांत आणि पेढ्यांवर एकाच प्रकारची लगबग दिसते. भाद्रपदात माणसांशी हिशेब मिटविलेला असतो. आता वह्यांशी मिटवायचा असतो.

आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत श्वेतांबर घरांत आयंबिलची ओळी चालते. नऊ दिवस, नवपदांची आराधना, आणि दिवसातून एकदाच जेवण. त्या जेवणात दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ, फळे, भाज्या यांपैकी काहीही नसते, मसालेही नसतात. जे नवपदांच्या वर्णाप्रमाणे धान्य घेतात, त्यांच्या ताटात अरिहंतपदाला तांदूळ, सिद्धपदाला गहू, आचार्यपदाला हरभरा, उपाध्यायपदाला मूग, साधुपदाला उडीद आणि पुढे चार दिवस पुन्हा तांदूळ. गंमत अशी की, ज्या गावाच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ज्या गावाची हळद देशभर जाते, त्याच गावात नऊ दिवस शेकडो ताटांत हळदीचा कणही पडत नाही. गोदामात हळदीची थप्पी आणि वरच्या मजल्यावर पांढरे, फिके वरण. आयंबिलशाळेत दुपारी रांगेने बसलेल्या मंडळींत हळदीचे दलालही असतात, आणि त्या फिक्या जेवणाची चव वर्षभर आठवते असे तेच सांगतात. भूक खरी असली म्हणजे मीठ आणि मिरे एवढ्यावरही भात गोड लागतो, हे लहान मुलांना नुसते सांगून पटत नाही. पहिले आयंबिल केले की पटते.

हळदीविषयी आणखी एक गोष्ट. ओली हळद हा जमिनीतला कंद, म्हणून नियम पाळणाऱ्या घरांत ती वर्ज्य. शिजवून वाळविलेली मात्र चालते. शरदात आसपासच्या शेतांत हळदीची रुंद पाने हिरवीगार उभी असतात; कंद काढायला अजून तीन-चार महिने असतात. तेव्हा या दिवसांत पेठेत जो माल असतो तो गतवर्षीचा, वाळलेला. पूर्वी तो हरिपूरच्या पेवांत साठविला जाई. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावाची माती अशी की, जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि त्या व्यवस्थेचा कणा मोडला. आता वखारी आणि शीतगृहे आहेत.

कुटुंबाची खरी कसोटी मात्र ताटात नाही, घड्याळात आहे. ऑक्टोबरच्या आरंभी सांगलीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो; नोव्हेंबरात तो सहाच्या आतच जातो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या घराला दर आठवड्याला जेवणाची वेळ थोडी अलीकडे ओढावी लागते, आणि नेमका तोच काळ दुकानात गर्दीचा. दिवाळीच्या तोंडावर खेड्यांतले किराणा दुकानदार संध्याकाळीच माल भरायला येतात. मग पाचच्या पुढे जिन्यावरून हाका सुरू होतात. एक भाऊ वर जातो तेव्हा दुसरा गल्ल्यावर बसतो. कोणाचा डबा पेढीवरच येतो. गिऱ्हाईक खोळंबले म्हणून जेवण टळले आणि सूर्य बुडाला, तर त्या दिवशी उपाशी झोपायचे, त्याची तक्रार कोणी करीत नाही. उलट ज्या घरांत सगळे पावणेसहाला एकत्र जेवतात, त्या घरांत रात्रीचे तीन तास मोकळे मिळतात, आणि शहरी संसारात एवढा मोकळा वेळ फार थोड्यांना लाभतो. धर्माने घातलेले बंधन घरच्या सुखाच्या असे उपयोगी पडते.

दिवाळीजवळ बाजारातही एक विशेष घडते. सांगली-तासगावच्या बेदाणा बाजारात या सुमारास काही आठवडे सौदे बंद ठेवतात. मालाची टंचाई नसते, गिऱ्हाईकही असते. तरी सौदा होत नाही. त्या अवधीत खरेदीदाराने अडत्याचे आणि अडत्याने शेतकऱ्याचे सर्व देणे चुकते करायचे. बाजाराच्या भाषेत याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. कोणाचे कोणाकडे काही उरले नाही, असे झाल्यावरच नवे सौदे. बँकेच्या चोपडीत शून्य शिल्लक ही खाते मरत चालल्याची खूण असते. येथे मात्र शून्य ही पत आहे. ज्याचे शून्य वेळेवर झाले नाही, त्याचे नाव पेठेत हलक्या आवाजात घेतले जाते.

हे सारे नेमाने चालते तेव्हा सोपे वाटते. २०१९ मध्ये ते सोपे नव्हते. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पेठेत पाणी आले आणि काही दिवस मुक्कामाला राहिले. ओसरल्यावर मागे राहिला तो चिखल, कुजलेले धान्य, विरघळलेली साखर आणि भिंतीवरची पाण्याची रेघ. पर्युषण त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आले. ऑक्टोबरातही त्या वर्षी पाऊस हटेना, त्यामुळे वाळवायला घातलेले पुन्हा उचलून आत आणावे लागे.

पेठेतील एका घरात खाली भुसार मालाची पेढी आणि वर चार पिढ्यांचे बिऱ्हाड. पेढीवरचा माल गेला होता आणि विम्याचे कागद फिरत होते. उधारीची वही मात्र धाकट्या सुनेने वाचविली. भिजून फुगलेल्या वहीचे एकेक पान तिने सुरीच्या पात्याने अलगद सोडविले, मधे वर्तमानपत्राचे कागद घातले, आणि ऊन मिळेल त्या दिवशी गच्चीवर वाळविले. शाई पसरली होती, तरी आकडे लागत होते. दसऱ्यानंतर थोरल्या मुलाने त्या वहीतून येणे रकमांची यादी केली आणि वडिलांपुढे ठेवली.

‘‘अण्णा, एवढे आले तर दिवाळीत माल भरता येईल.’’

म्हाताऱ्यांनी यादी दोनदा वाचली. ‘‘यातली निम्मी गावे नदीकाठची आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांच्या दुकानांत काय राहिले असेल? आधी आपले देणे बघा. घेण्याचे नंतर.’’

मुलाला हे सहज पटले नाही, आणि पटू नये हेही बरोबरच होते. येणे सोडून देणे हा व्यवहार नव्हे. अशाने पेढ्या बुडालेल्या साऱ्या पेठेने पाहिल्या आहेत. तीन रात्री बोलणे चालले. शेवटी घरातील थोडे सोने बँकेत तारण ठेवून व्यापाऱ्यांचे देणे भागविले गेले. यादीतल्या कोरड्या गावांकडून वसुली झाली, नदीकाठच्यांना पुढच्या दिवाळीची मुदत दिली गेली, आणि दोन नावांपुढे अण्णांनी स्वतः रेघ ओढली. ती दोन नावे कोणाची, हे त्यांनी घरातही सांगितले नाही. परिग्रहाच्या परिमाणावर प्रवचने पुष्कळ होतात. ते परिमाण सोडायच्या रकमेतही मोजता येते, हे त्या घराने त्या आठवड्यात मनाविरुद्ध का होईना, मोजून पाहिले.

दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या रात्री मल्ल आणि लिच्छवींच्या अठरा गणराजांनी, ज्ञानाचा प्रकाश गेला तर दिव्यांचा तरी करू, म्हणून दीप लावले, अशी कल्पसूत्रातील कथा. दिगंबर मंदिरांत पहाटे निर्वाणलाडू चढविला गेला. नेहमीच्या मानाने लाडू लहान होते, रांग मात्र तेवढीच होती. श्वेतांबर घरांत वहीपूजन झाले. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर एक ‘श्री’, त्याखाली दोन, त्याखाली तीन, असा मंदिराच्या शिखरासारखा उतरता क्रम मुलांकडून काढून घेतात. नंतर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी, बाहुबलीचे बळ मागितले जाते. वीर निर्वाण संवत २५४६ त्या पानावर लिहिले गेले.

वास्तविक ही वही आता हिशेबाची राहिलेली नाही. प्राप्तिकराच्या कायद्याने १९८९ पासून सर्वांचे वर्ष मार्चअखेरचे केले. त्यापूर्वी दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरून हिशेब देणाऱ्या पेढ्या सांगलीत पुष्कळ होत्या. आज जमाखर्च संगणकात, कर ऑनलाइन. तरीही लाल कापडाची वही विकत आणली जाते, तिच्यावर कुंकवाचा स्वस्तिक निघतो, आणि बहुतेक घरांत ती पुढे वर्षभर कोरीच राहते. हा निव्वळ सोपस्कार आहे असे तरुण म्हणतात. असेलही. पण ज्या घराची जुनी वही पुराच्या पाण्यातून पानापानाने सोडविली गेली होती, तेथे नव्या वहीचे कोरे पान उघडताना कोणी हसले नाही.

त्यानंतर पाच दिवसांनी ज्ञानपंचमी. मुले पाटावर पुस्तके मांडतात, वासक्षेप घालतात आणि ज्ञानाची आशातना होऊ नये म्हणून त्या दिवशी कागदाला पाय लागू देत नाहीत. या पर्वामागे एक अगदी घरगुती शहाणपण आहे. चार महिन्यांच्या दमटपणात ज्ञानभांडारांतील पोथ्यांना बुरशी आणि कसर लागण्याचे भय. कार्तिकातले ऊन कोरडे आणि सौम्य. म्हणून याच सुमारास पोथ्या बाहेर काढून झटकायच्या, ऊन दाखवायचे, वेष्टने बदलायची. दिगंबर परंपरेतील श्रुतपंचमी ज्येष्ठात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर येते. एक पर्व पावसाआधी आणि एक पावसानंतर. शेजारी राहणाऱ्या दोन परंपरांनी पोथ्यांची काळजी जणू वाटून घेतली आहे. त्या वर्षी पाटावर शाळेच्या पुस्तकांशेजारी धाकट्या सुनेने ती फुगलेली, वाकडी वहीही ठेवली होती.

दिगंबर साधूंचा वर्षायोग निर्वाणोत्सवाच्या सुमारास संपतो, श्वेतांबरांचा चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेला. त्या दिवशी पालिताण्याला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली होते. सगळ्यांना तिकडे जाणे घडत नाही, म्हणून गावोगाव शत्रुंजयाचा पट मांडतात आणि त्यापुढे उभे राहून वंदन करतात. सांगलीकरांना आणखी एक जवळची वाट आहे. हातकणंगले तालुक्यातील कुंभोजचा बाहुबली डोंगर येथून तीसेक किलोमीटर. पायथ्याशी समंतभद्र महाराजांनी सुरू केलेले गुरुकुल, १९६३ मध्ये उभी राहिलेली भगवान बाहुबलींची २८ फुटांची संगमरवरी मूर्ती, आणि सम्मेदशिखर, गिरनार, पावापुरी यांच्या प्रतिकृती. डोंगरावर दिगंबर मंदिरे आहेत आणि श्वेतांबरांचे जगवल्लभ पार्श्वनाथांचे मंदिरही. एकाच जिन्याने दोन्हीकडचे यात्रेकरू चढतात आणि वर जाऊन आपापल्या दारांकडे वळतात. खाली उतरल्यावर मात्र दशम्या आणि खाकऱ्यांची देवघेव होते, तेव्हा कोण कोणत्या दाराने गेला होता हे कोणी विचारीत नाही.

कार्तिकात त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो. कारखान्यांची धुराडी पेटू लागलेली, गुऱ्हाळांवर काहिली चढलेल्या, आणि उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे मोटारी अडकलेल्या. म्हणून परतीला लवकर निघावे लागते. वृद्ध आजी गाडीत सारखी सूर्याकडे पाहते आणि सून घड्याळाकडे.

नियम काटेकोर पाळणाऱ्या श्वेतांबर घरांत फाल्गुनी पौर्णिमेपासून पालेभाजी आणि बहुतेक सुका मेवाही बंद असतो. बेदाण्याच्या गावात आठ महिने घरात बेदाणा नाही आणि आमटीवर कोथिंबीर नाही. कार्तिकी पौर्णिमा सरली की दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्या बायका पेठेतल्या जिन्यांपाशी आपण होऊन थांबतात. कोणत्या घरात आज काय लागणार, हे त्यांनाही पंचांगाइतकेच पाठ असते. मेथीच्या दोन जुड्या आणि कोथिंबिरीची एक. वरच्या मजल्यावर त्या निवडल्या जातात, धुतल्या जातात, आणि थोड्या वेळाने हळद, मिरची, धण्यांच्या वासात पेढीपर्यंत मेथीच्या फोडणीचा वास उतरतो. अण्णा गल्ल्यावरून मान वर करतात आणि नातवाला वर पाठवून विचारतात, ताट किती वाजता वाढणार.