तबकडीचे वय

गोमंतकातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत जुन्या ध्वनिमुद्रिका अद्याप सापडतात. त्या शौकिनांच्या कपाटांत नव्हेत, तर माळ्यावरील पेट्यांत. जत्रेच्या रात्री गावकऱ्यांनी मराठी नाटक उभे करावे, ही इकडील जुनी रीत. साहजिकच नाट्यगीतांची तबकडी ही हौशी नटांची गुरूच होय. फोनोचा कर्णा गंजून गेला, तबकड्या राहिल्या. आता व्यापारी त्या घाऊक उचलून नेतात आणि कोणती तबकडी कोणत्या घरची, हे कळण्याची वाटच बुजते. म्हणून आम्ही सवडीनुसार घरोघरी जाऊन त्यांची नोंद करू लागलो.

जुन्या तबकडीवर सन बहुधा छापलेला नसतो. वय खुणांवरून ताडावे लागते. हाताला जड आणि ठिसूळ लागली तर ती लाखेची, मिनिटाला 78 फेऱ्यांची. किंचित लवली तर व्हिनाइलची. 1908 साली कलकत्त्यात कारखाना निघण्यापूर्वी आपल्याकडील गाण्यांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कामगारांना ओळख पटावी म्हणून गायिका गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारीत. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला आकडा मुद्रणाचा आणि लेबलावरील आकडा विक्रीचा. त्यांची गल्लत करू नये. आणखी एक, लाखेची तबकडी स्पिरिटने कदापि पुसू नये. लाख त्यात विरघळते. डिचोलीच्या एका घरी केरीच्या केसरबाई केरकरांची तबकडी अशाच स्वच्छतेपायी मुकी झालेली आम्ही पाहिली. त्याच केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही तबकडीवरूनच!

परंतु आमचा अधिक भरवसा नाटकाच्या सनावर. नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी त्यातील पदांची तबकडी घरात येणार कोठून? नंतर मात्र ती केव्हाही निघू शकते. तेव्हा सनाने एकच बाजू बंद होते, हे ध्यानी ठेवावे.

पेडण्याकडील एका घरी याच हिशेबाने आम्हांस पेचात टाकले. वडील मुक्तीपूर्वी, 1960 साली वारले. त्यांची आवडती म्हणून एक छोटी तबकडी मुलाने वस्त्रात गुंडाळून जपली होती. लेबलावर ‘मत्स्यगंधा’! गोवा हिंदू असोसिएशनचे हे नाटक रंगभूमीवर आले 1964 साली. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. बोलावे की गप्प राहावे? श्रद्धेला धक्का देणे बरे नव्हे, हे आम्हांसही कळते. पण वहीत खोटी नोंद करणे आमच्याने होईना. आम्ही सन सांगितला. मुलाचा चेहरा उतरला. “मास्तर, बाबा ती लावीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो,” एवढेच तो म्हणाला.

नव्वदी ओलांडलेल्या त्याच्या मातोश्री दारात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “ती त्यांची नव्हे, माझी. भावाकडून मागवली होती. नवरा जाऊन चार-पाच वर्षे झालेली बाई गाणी ऐकते, असे कोणी म्हणू नये, म्हणून त्यांचे नाव सांगितले.”

मुलाने ती त्यांच्या मांडीवर ठेवली. आम्ही वहीत नाव बदलले.