पिवळी ठिणगी

मोटारीच्या प्लगची ठिणगी निळसर-पांढरी असावी आणि उडताना तिचा 'चट्' असा आवाज यावा, हे आमच्या खाडीपट्ट्यातल्या गॅरेजमधल्या बारा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. पिवळी, बारीक, मुकी ठिणगी म्हणजे आजारी ठिणगी. आम्ही उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. मकनातीस, तारेचे वेटोळे, 1831 मध्ये फॅरेडेने लावलेला शोध, सगळे फळ्यावर काढतो. उर्दूत त्याला 'बर्की मकनातीसी इमाला' म्हणतात, मराठीत 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन'. दोन्ही नावे पाठ करताना मुलांच्या तोंडाला फेस येतो. ठिणगीचा रंग मात्र आमच्या फळ्यावर कधी आला नव्हता. तो आला अब्बांच्या जीपमुळे.

जीप 1974 सालची, पेट्रोलवरची, मागचा भाग उघडा ठेवून पिकअप केलेली. आंब्याच्या हंगामात पेट्या, एरवी नारळ, सिमेंट, कधी कुणाच्या लग्नाच्या देगा. जीपवरून आठवले. ज्या कंपनीने या देशात जीपगाड्या रुजवल्या ती 1945 मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने निघाली होती. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इथे 1948 मध्ये पाटीवरचे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. शाळेत हे सांगितले की मुले पाटी कुणी रंगवली असेल ते विचारतात!

गेल्या पावसाळ्यात जीपने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी दमायची, इंजिन धरायचे नाही. एकदा तापली की सपाटीवर बरी चालायची, पण दापोलीकडे चढ लागला आणि मागे माल असला की खोकायची, झटके द्यायची. प्लग काढले तर काजळीने काळे. गावातल्या मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला, नवे प्लग घातले, मग नवी कॉइल बसवली. ठिणगी पिवळी ती पिवळीच. मोठ्या भावाने भंगारवाल्याला बोलावले. तो जीपभोवती दोन फेऱ्या मारून भाव सांगून गेला. अब्बा ओसरीवर बसून होते. एका शब्दाने बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही खेडच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजातून आमच्या एका माजी विद्यार्थ्याला घेऊन आलो. आठवीतून शाळा सोडलेला, आता सतरा वर्षांचा. वडील वारले तेव्हा घरातल्या थोरल्याने गॅरेज धरायचे, हे जणू आमच्या मोहल्ल्यात ठरलेलेच असते. सच्चर समितीने 2006 मध्ये लिहून ठेवले की सहा ते चौदा वयाची पंचवीस टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच सुटली. मोटारदुरुस्तीत आपली माणसे किती जास्त आहेत, तेही त्याच अहवालात आहे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचायला फार हुशारी लागत नाही.

पोराने आल्या आल्या काही खोलले नाही. "सर, नवीन काय काय घातलं ते सांगा," म्हणाला. मग मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून, प्लास्टिकच्या मुठीच्या पकडीत धरून, इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवली आणि आम्हाला सेल्फ मारायला सांगितले. (हे काम हाताने करू नये आणि पेट्रोल सांडलेले असताना तर मुळीच नाही.) ठिणगी पिवळी. म्हणजे दोष प्लगांत नाही, रोटरमध्ये नाही, कॅपमध्येही नाही. तो त्याच्या अलीकडे आहे. अर्धी गाडी त्याने अशी एका झटक्यात बाजूला काढली.

डिस्ट्रिब्युटरमध्ये सीबी पॉइंट असतात. ते मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून करंट वाहतो आणि उघडले की तुटतो. त्या तुटण्याच्या क्षणी बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. तोच इमाला. त्याने पॉइंटमधली फट पाहिली, अर्धा मिलिमीटर, बरोबर. पॉइंट फार जळलेले नव्हते, तेव्हा कंडेन्सरवरही संशय घ्यायचे कारण नव्हते. कंडेन्सर मेला की पॉइंटवर ठिणग्या उडून ते लवकर जळतात.

मग त्याने मीटर काढला. बॅटरीवर 12.4 व्होल्ट. कॉइलच्या तोंडाशीही 12.4. आम्ही म्हटले, इथे तर सगळे ठीक आहे. त्याने हँडल थोडे फिरवून पॉइंट मिटवले आणि पुन्हा मोजले. 9!

पहिल्या मिस्त्रीने इथेच फसगत करून घेतली होती. त्याचा टेस्ट लॅम्प पेटला आणि कॉइलपर्यंत करंट येतो आहे, यावर तो खूश झाला. पण पॉइंट उघडे असताना करंट वाहतच नाही, मग वाटेत व्होल्ट गळणार कसे? नळ बंद असला की चोंदलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरता दिसतो, तसे. कॉइलचा रोध तीन ओहम. 9 व्होल्टला करंट तीन अँपिअर, 12.4 ला चार अँपिअरहून थोडा जास्त. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून करंट पाऊणपट झाला की ऊर्जा जवळपास निम्मी होते. त्यात सेल्फ मारताना बॅटरीच दहावर उतरते, म्हणजे कॉइलला साडेसात मिळणार. सकाळी गाडी का धरत नव्हती, ते इथे कळते. चढावर माल घेऊन जाताना सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला व्होल्ट जास्त लागतात. म्हणून ते झटके. हा हिशेब आम्ही बॉनेटवर खडूने मांडला. पोरगा तो बराच वेळ पाहत होता. उत्तर त्याला आधीच ठाऊक होते. वर्ग कुठून आला, ते त्याला हवे होते.

खात्रीसाठी त्याने बॅटरीपासून कॉइलपर्यंत थेट एक वायर लावली. सेल्फ मारला. चट्, चट्, निळी. अब्बा ओसरीवरून उठून आले.

बाकीचे शोधायला वेळ लागला नाही. डॅशबोर्डखाली चावीच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरीला कुणीतरी कधीकाळी पीळ मारून टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आतले तांबे हिरवे पडलेले. खाडीची खारी हवा तांब्याला सोडत नाही. स्विचचे संपर्कही काळवंडले होते. नवी वायर, नवा स्विच, टोकांना कल्हईचे डाग, सगळे मिळून साडेचारशे रुपये. मजुरी त्याने घेतली नाही. "सर, मुजाहमत म्हणजे हेच ना?" एवढेच विचारले. आठवीत शिकलेला रोधाचा उर्दू शब्द त्याने पाच वर्षे सांभाळला होता.

बीएडला आम्हाला 'कृतीतून शिक्षण' यावर पंधरा गुणांचा प्रश्न होता.

आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला दहावी पास लागते. बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म असतो. आम्ही त्याच्या आईशी बोललो. घरभाड्याचे काय, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. आम्ही उस्तादांकडे गेलो. ते आधी नाही म्हणाले, मग चहा मागवला, मग म्हणाले की जुम्म्याला नमाजनंतर सोडतो, पगार कापणार नाही, पण हंगामात रात्री थांबावे लागेल. शाळा सोडल्याचा दाखला मिळवायला तीन चकरा झाल्या.

आता तो जुम्म्याला दुपारी येतो. हाताचे ग्रीस रॉकेलने काढले तरी वहीच्या कडा काळ्या होतात. इतिहास त्याला झोप आणतो, बीजगणितात तो वजाबाकीचे चिन्ह विसरतो. गेल्या खेपेला त्याने विचारले, पेपरात 'रोध' लिहू की 'मुजाहमत'? आम्ही सांगितले, उर्दूतून पेपर देणार आहेस, मुजाहमत लिही, आयटीआयला गेलास की तिथला शब्द शीक. अब्बा त्याच्यासाठी बाहेर जीप चालू करून ठेवतात, शेवटची एसटी निघून गेलेली असते.