जुन्या मोटारीची परीक्षा

धाराशिवात कोणाच्या परसात धूळ खात उभी असलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी दिसली, की माझे मन प्रथम इंजिनाकडे धावते. परंतु परीक्षेचा क्रम नेमका उलटा हवा. १०८९ घनसेंटिमीटरांचे ते साधे इंजिन गावचा मिस्त्रीही खोलून नीट करील. या गाडीला निराळा सांगाडा नाही. पत्र्याची काया हाच तिचा कणा. म्हणून बिछाईत उचलून तळाचा गंज आधी पाहावा. इकडच्या कोरड्या हवेत पत्रा पुष्कळदा तगतो; रबर मात्र उन्हाने तडकते. आणि या साऱ्याच्याही आधी, नोंदणीपुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. पत्रा सांधता येतो. पण हरवलेली ओळख कोणता मिस्त्री सांधणार?